शेठचा माळा

आमच्या ऑफिसात मेल बंद पडली की सगळे माझ्या नावानं शंख करतात, आणि चालू असली की हा माणूस दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न त्याच सगळ्यांना पडतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याचं नशीब सोसायटीच्या पाणीवाल्यासारखं असतं. पाणी आलं तर त्याची कुणाला आठवण येत नाही. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, सवय झाली. पण आज जे सांगतोय त्याचं वाटतं, आणि वाईट वाटण्यापेक्षा राग जास्त येतो. एका बाईची नोकरी गेली, नोकरीबरोबर नाव गेलं, आणि ज्या मेलवरून गेलं तो मेल तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. हे मला माहीत आहे, कारण तो मेल मी स्वतःच्या हातानं शोधून काढला.

ऑफिस बेलापूरला. काम कस्टम क्लिअरिंगचं. न्हावा शेव्याला परदेशातून कंटेनर उतरतात, त्यांचे कागद भरायचे, माल सोडवायचा आणि ज्याचा त्याच्या गोदामात पोचवायचा. या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात आणि मालकाला शेठ. आमचे शेठ आवाज न चढवता बोलणारे, हसतमुख, कुणाच्या घरी बारसं असो की बारावं, हजर राहणारे. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस तुम्हाला बेलापुरात सापडणार नाही. मी एक आहे, पण मी उलव्यात राहतो.

आयातीच्या टेबलावर ताई बसायची. ताई बेलापूरला लागून असलेल्या दिवाळे गावची, कोळ्याच्या घरातली. आई पाटी घेऊन मासळी विकायची, भाऊ होडीवर, आणि ही घरातली खुर्चीवर बसून पगार घेणारी पहिली बाई. कंपनी एका खोलीत होती तेव्हापासून ती इथं होती. मी नवीन लागलो तेव्हा माझ्या डब्यातली रोजची बटाट्याची भाजी बघून तिनं एक दिवस सरळ स्वतःचा डबा माझ्यापुढं सरकवला, सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आमच्या घरात सुकटीचा वासही चालत नसे. मी खाल्ली. नंतर मागून खायला लागलो.

ऑफिसात ती शुद्ध बोलायची, पण चिडली किंवा लाडात आली की दिवाळं बाहेर यायचं. मेल उघडायला वेळ लागला की आपल्या जागेवरूनच ओरडायची, "ए बाला, तुजा सर्व्हर झोपला काय रं?" मी म्हणायचो, "ताई, झोपला नाही, तुमच्या आवाजानं घाबरलाय." मग ती हसायची आणि अख्खं ऑफिस हसायचं.

तिची कामाची एक पद्धत होती. सकाळी आली की आधी फोन. कुठलं जहाज कधी लागतंय, ते शिपिंग कंपन्यांना एकेक करून विचारायची. तिकडची पोरं तिला आवाजानं ओळखायची. शेठना हे आवडेना. "ताई, मेलचा जमाना आहे. त्या लोकांचे मेल येतात ना? मग फोनवर सकाळ कशाला घालवता?" असं एकदा, दोनदा हसत सांगितलं आणि तिसऱ्यांदा न हसता. ताईनं फोन बंद केले. जहाज कधी येणार हे त्यानंतर तिला फक्त मेलवरून कळायचं.

आता फिल्टरचं. आमचा मेल सर्व्हर लिनक्सचा, पँट्रीशेजारच्या खोलीत, माझ्या ताब्यात. त्यावर फालतू मेल फार यायला लागले. लॉटरी लागली, बँक खातं बंद होणार, तुमचं पार्सल अडकलंय. शेठ वैतागले आणि त्यांच्या साडूच्या ओळखीचा एक वेंडर आला. मी म्हटलं होतं, मला थोडा वेळ द्या, मी बसवतो. पण घरच्या माणसाच्या हाताला चव नसते. वेंडरनं फिल्टर आणून माझ्या सर्व्हरला जोडला, शेठबरोबर चहा घेतला आणि गेला. मला निरोप काय, तर "तू फक्त लक्ष ठेव." कशावर लक्ष ठेवायचं ते सांगायला मात्र सगळे विसरले. काय कसं जोडलंय याचा एक कागद मागितला, तर वेंडर म्हणाला, सगळं स्टँडर्ड आहे सर.

मला जे दिसत होतं ते इतकंच. बाहेरचा मेल माझ्या सर्व्हरच्या दारात येतो, सर्व्हर तो घेतो आणि फिल्टरकडे देतो. फिल्टर त्याला मार्क देतो, परीक्षेच्या उलटे. कमी मार्क तो चांगला, त्याला इनबॉक्समध्ये सोडतात. जास्त मार्क, तर जंकच्या फोल्डरमध्ये. आणि फारच जास्त असले, तर मेल सर्व्हरच्याच एका कप्प्यात कुलूपबंद. तो ज्याचा आहे त्याला दिसतही नाही आणि कुणी कळवतही नाही.

गणपतीच्या तोंडावर वाशीच्या मार्केटातल्या एका फळवाल्या पार्टीचा परदेशी सफरचंदांचा कंटेनर यायचा होता. जहाज ठरल्यापेक्षा आधी लागलं. शिपिंग कंपनीनं तसा मेल ताईला टाकला होता. आमच्याकडून कागद भरले गेले नाहीत. मध्ये सुट्ट्या आल्या, कंटेनर यार्डात पडून राहिला, आणि माल सुटेपर्यंत गणपती गावाला गेले होते. पार्टी ऑफिसात येऊन उभी राहिली ती शिव्या देतच. "आता ही सफरचंदं काय पितरांना घालू?" असं तो ओरडत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही चुकत नव्हतं.

शेठनी शिपिंग कंपनीला विचारलं. त्यांनी पुरावाच पाठवला, की मेल पाठवला आणि तुमच्या सर्व्हरनं तो स्वीकारला. शेठनी ताईला बोलावून तो दाखवला. ताई म्हणाली, "शेठ, मेल आला नाही."

"मशीन खोटं बोलत नाही, ताई," शेठ म्हणाले. "माणूस विसरतो. होतं."

ती बाहेर आली आणि थेट माझ्या टेबलाशी. चेहरा लाल. "बाला, तू तुजं मशीन बग. मना येकदाच सांग, मेल आला व्हता का नाय. इतकी वर्सं ह्या टेबलावर हाय मी, येक कागद चुकला नाय माजा. मी काय आंधली हाय?"

मी लगेच बसलो. सर्व्हरच्या नोंदी काढल्या. मेल आला होता, म्हणजे दारापर्यंत आला होता, ते खरं. पुढं फिल्टरकडे गेल्याची ओळ होती. फिल्टरकडून ताईच्या पेटीत आल्याची ओळ मात्र कुठंच नव्हती. नवरी मांडवापर्यंत आली आणि मध्येच कुठं नाहीशी झाली? मी वेंडरला फोन लावला.

वेंडर अंधेरीत बसून आमचा सर्व्हर चालवायचा, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा. त्यानं शिपिंग कंपनीकडून त्याच मेलची प्रत मागवली, हातानं फिल्टरमधून घातली आणि मला म्हणाला, "बघा सर, किती कमी मार्क आले. एकदम क्लीन. युझरनंच कुठं तरी हलवला असणार." मी पण तसंच करून बघितलं. तेच. मेल सुरळीत पास. मी म्हटलं, "मग इनबॉक्समध्ये आल्याची नोंद का नाही?" तो म्हणाला, "नोंदीचं काय सर, नोंदी मागंपुढं होतात." नोंदी मागंपुढं होतात! च्यायला, नोंदी मागंपुढं व्हायला त्या काय बारशाला आलेल्या बायका आहेत? पण मी हे त्याला सुनावेपर्यंत त्यानं फोन ठेवून शेठना परस्पर कळवलंसुद्धा होतं, की फिल्टर क्लिअर आहे.

त्यानंतर जे झालं ते कळायला आमच्या धंद्यातली एक रीत माहीत हवी. पार्टी फारच भडकली की शेठ एखाद्या माणसाला तिच्यासमोर उभं करतात आणि झाडतात. कधी ड्रायव्हर, कधी क्लार्क. चूक त्याची असो वा नसो. तो मान खाली घालून "चुकलं शेठ" म्हणतो, पार्टी थंड होते, निघून जाते. दुसऱ्या दिवशी शेठ त्या माणसासाठी बिर्याणी मागवतात, सगळे त्याची चेष्टा करत ती खातात आणि विषय संपतो. याला आमच्याकडे ‘डोकं देणं’ म्हणतात. ज्याला शेठ घरचा समजतात त्याचंच डोकं मागतात, म्हणून माणसं ते जरा अभिमानानंच देतात. प्रत्येक क्लिअरिंगवाल्याकडे हे चालतं. पार्ट्यांनाही माहीत असतं, बरं का.

शेठनी ताईला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. पार्टी बाहेर सोफ्यावर बसली होती. शेठ म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्या. एक ओळ मेलवर लिहून द्या, की मेल पाहिला होता, नजरचुकीनं राहून गेला. पार्टीला दाखवतो. शांत होईल."

मी म्हणालो, "शेठ, थांबा. फिल्टरकडे गेलेला मेल परत आलेला दिसत नाही. मला एक-दोन दिवस द्या."

"तू बघ ना. तुला कोण नाही म्हणतंय?" शेठ म्हणाले. "पण पार्टी आज बाहेर बसलीय."

मी ताईकडे वळून म्हटलं, "ताई, लिहू नका." तिनं माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसली. जाऊ दे रं, असं हातानंच म्हणाली. तिला वाटलं नेहमीचंच आहे. आजवर तिनं कितीदा तरी डोकं दिलं होतं. शेठ तिच्या आईला खांदा द्यायला आले होते, ते ती कधी विसरली नव्हती. फक्त आजवर जे होतं ते तोंडी होतं. वाऱ्यावर गेलं की संपलं. या वेळी पहिल्यांदा ते लिहून घेतलं गेलं, आणि लिहिलेलं वाऱ्यावर जात नाही हे त्या केबिनमध्ये तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

बिर्याणी आली नाही. पार्टीनं तो मेल मार्केटातल्या चार-पाच जणांना फॉरवर्ड केला, त्यातले दोघंतिघं आमच्याच पार्ट्या. त्यांचे फोन आले, असली बाई तुम्ही ठेवता कशी? शेठनी ताईला सांगितलं, थोडे दिवस घरी बसा, वातावरण निवळू दे. मग तिच्या टेबलावर दुसरी मुलगी आली. मग ताईचा हिशेब करून टाकला. बेलापुरात क्लिअरिंगची ऑफिसं एकमेकांना चिकटून आहेत, इकडं शिंकलं की तिकडं सर्दी होते. त्या बाईनं मेल बघून दाबून ठेवला, हे सगळीकडं झालं. तिनं दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे गोड बोलून वाटेला लावलं.

मी शोधत राहिलो. रिकामा वेळ मिळाला की तेच. आणि शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं, की माझंच मला हसू यावं आणि रडूही. फिल्टर सर्व्हरवर स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो. वेंडरनं हातानं तपासलं ते स्वतःच्या खात्यातून, आणि मी माझ्या. प्रत्येक खात्याची आठवण, म्हणजे कुठला मेल कचरा याचं शिकलेलं, वेगळी. म्हणजे आमच्या डब्यात मीठ आहे का ते आम्ही शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बघत होतो. मी तोच मेल फिल्टरच्या खात्यातून घातला. मार्क असे चढले की बस. कारणही खाली लिहून आलं. आजवर जे शिकलो त्यावरून हा मेल कचरा आहे, जवळजवळ खात्रीनं.

मग मी तो कुलूपबंद कप्पा उघडला; इतक्या कमी मार्कांचा मेल तिथं जाणारच नाही असं धरून मी आजवर त्यात डोकावलोच नव्हतो. तिथं ताईचा मेल होता. तिच्या नावानं आलेला, जसाच्या तसा, न उघडलेला. त्याच्या आजूबाजूला तसलेच आणखी कितीतरी, जहाजांचे, बंदराचे, पार्ट्यांचे; त्यांची कामं पार्ट्यांच्याच फोनांवर निभावली होती, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. लॉटरीवाला एखादाच.

पण फिल्टर हे शिकला कुठं? ते वेंडरच्या सेटिंगमध्ये सापडलं, मला कधी न सांगितलेल्या एका ओळीत. रोज पहाटे फिल्टर ऑफिसातल्या प्रत्येकाचा जंक फोल्डर वाचायचा, आणि जे त्यात पडलंय ते कचरा असं मनाशी पक्कं करायचा. आणि फिल्टरच्या खात्यातली ही आठवण अख्ख्या ऑफिसासाठी एकच. एकानं जे फेकलं ते सगळ्यांसाठी कचरा. मी एकेकाचं जंक बघायला लागलो. ताईच्यात लॉटऱ्या. अकाउंट्समध्ये लॉटऱ्या आणि एका लग्न जुळवणाऱ्या कंपनीच्या जाहिराती. शेठचं उघडलं आणि स्क्रीन खाली सरकवत राहिलो, संपेचना. त्यात होते शिपिंग कंपन्यांचे मेल. सगळे. कंपनी सुरू झाल्यापासूनचे म्हणावेत इतके.

शेठ कागद फाडत नाहीत. त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं, धंद्यात कागद फाडायचा नाही, लक्ष्मी जाते. आमच्या ऑफिसच्या माळ्यावर जुन्या कागदांची पोती आहेत, वाळवी लागली तरी शेठ त्यांना हात लावू देत नाहीत. आणि समोरचं टेबल मात्र लख्ख हवं, त्यावर एक कागद दिसता कामा नये. मेलचंही त्यांनी तेच केलं. इनबॉक्स रिकामा हवा. डिलीट करायचं म्हणजे फाडणं, ते पाप. म्हणून वाचून झालेला प्रत्येक मेल ते फोनवरून जंकमध्ये ढकलायचे. फाडलंही नाही आणि नजरेआडही झालं. प्रत्येक शिपिंग मेलची एक प्रत त्यांना जायची, हा त्यांचाच हुकूम; ताईच्या त्या मेलची त्यांची प्रतही त्याच कप्प्यात अडकली होती. वर्षानुवर्षं ज्याला कोणी विचारलं नाही अशी ही सवय, आणि वेंडरच्या त्या एका ओळीनं तिला दात फुटले.

मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "शेठ, तुमच्या जंकमध्ये शिपिंगचे मेल आहेत."

"तो माझा माळा आहे," ते हसून म्हणाले. "का रे, भरला?"

मी सगळं सांगितलं. सावकाश, मुलाला सांगावं तसं. त्याची गरज नव्हती. ते मध्येच म्हणाले, "म्हणजे मी तिकडं टाकले, म्हणून ताईचा अडकला." शेठ मूर्ख नाहीत. मूर्ख असते तर मला इतका राग आला नसता.

"हो," मी म्हटलं. "ताईंनी मेल पाहिलाच नव्हता. पाहणार कुठून? तो अजून कप्प्यात पडलाय. तुम्ही पार्टीला सांगा. बाकीच्यांनाही सांगा. ताईंना परत बोलवा."

त्यांनी विचारलं, "हे अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

"वेंडरला?"

"त्याला स्वतःचं काय माहीत आहे?"

"हं." त्यांनी पेन उचललं, ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "पण ताईंनी तर लिहून दिलंय, मेल पाहिला होता म्हणून. आता तू म्हणतोस पोचलाच नव्हता. मग खोटं कोण बोलतंय, तुझं मशीन की ताई?"

"शेठ, तुम्ही लिहायला लावलंत! मी इथंच उभा होतो."

"मी लावलं?" त्यांना खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. "मी म्हटलं लिहून द्या. चुकीचं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या ना? इतक्या जुन्या बाई."

माझं डोकं सणकलं. बारा दिवसांच्या पोराला कळेल असं होतं ते. महिनाभर मशीन खोटं बोलत नव्हतं, आणि मशीननं शेठचं नाव घेतल्याबरोबर ते खोटं बोलायला लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर संन्याशाकडूनच लिहून घेतलं होतं की चोरी मी केली. मी तोंडाला येईल ते बोललो. आवाज केबिनबाहेर गेला. शेठनी सगळं ऐकून घेतलं, पाणी पुढं केलं आणि म्हणाले, "तू हुशार आहेस. ते दुरुस्त कर. आणि माझ्यासाठी वेगळा फोल्डर करून दे, ‘माळा’ नावाचा."

दुरुस्त करायला फारसा वेळ लागला नाही. फिल्टरची सगळी आठवण पुसली. पहाटेची ती ओळ काढून टाकली. चांगले मेल कोणते आणि कचरा कोणता ते मी स्वतः निवडून त्याला नव्यानं शिकवलं. कप्प्यातले अडकलेले मेल ज्याचे त्याला सोडले. शेठना फोल्डर करून दिला. पुढच्या मीटिंगमध्ये शेठनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, सिस्टीममध्ये एक प्रॉब्लेम होता तो आपल्या माणसानं सोडवला म्हणून. प्रॉब्लेम काय होता हे कुणी विचारलं नाही. मी उभा राहून सांगायला लागलो. ताईंचा मेल त्यांना पोचलाच नव्हता, इतकं बोललो, तर अकाउंट्सवाले म्हणाले, "जाऊ दे रे, आता तिनं स्वतःच कबूल केलंय." आणि बाकीचे चहाकडं वळले. तिच्या हाताची भाकरी खाल्लेले लोक हे.

त्याच आठवड्यात मी दिवाळ्याला गेलो. निदान तिला तरी कळायला हवं होतं. वाटेत मी ठरवत होतो, ती चिडेल, शेठला शिव्या घालेल, मी तिला म्हणेन चला, आपण दोघं जाऊन त्या पार्टीला सांगू. आपल्याकडं खरं आहे ना? मग घाबरायचं कुणाला?

ताई दारात बसून भावजयीबरोबर कोळंबी सोलत होती. मला बघून उठली, हात धुतले, चहा टाकायला सांगितला. बारीक झाली होती. ऑफिसची चौकशी केली, नवीन मुलीला काम जमतंय का ते विचारलं. मी म्हटलं, "ताई, ते सगळं राहू दे. तुमची चूक नव्हती. मेल तुम्हाला आलाच नव्हता." आणि सगळं सांगितलं. फिल्टर, कप्पा, शेठचा माळा. ती मान हलवत ऐकत होती.

मी फोनवर तो मेल काढून तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला, फोन लांब धरला आणि सावकाश वाचला. मग म्हणाली, "हां, ह्योच."

"ह्योच काय?"

"ह्योच मेल. मी बगला व्हता."

मला वाटलं, तिला नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं, हा उघडलाच गेला नव्हता, तुमच्या पेटीत कधी पडलाच नव्हता, इथं वर बघा, लिहिलंय.

"आरं, पन मना आटवतंय ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "सकालची येल व्हती. चाय घेत व्हते. मेल आला, मी म्हटलं जेवल्यावर करते. आनि राहिला तो राहिला. रोज आटवतो मना. शेठनी माज्या आयेला खांदा दिला, आनि मी त्याची पार्टी घालवली."

"ताई, असं झालंच नाही. तुम्ही फक्त तसं लिहून दिलं होतं. तुम्हीच मला म्हणाला होतात, मेल आला नाही म्हणून. विसरलात? माझ्या टेबलापाशी उभ्या राहून!"

"तवा घाबरले व्हते रं." तिनं चष्मा काढला. भावजय खाली मान घालून कोळंबी सोलत होती. मी फोनवर बोट ठेवून पुन्हा तीच ओळ दाखवायला लागलो. माझा आवाज चढला होता. तिनं फोन हलकेच माझ्या हातात परत दिला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बाला, तू चांगला हायस," ती म्हणाली. "पन माज्यासाटी खोटं बोलू नको."